सिलिंडरमधला गॅस, स्वयंपाकघरातला गॅस: मेंदूतले प्युरिन-संदेश आणि त्यांच्यावर बेतलेली औषधं

कॉफी पिणाऱ्यांना पार्किन्सन कमी होतो, अशी बातमी दर काही महिन्यांनी फिरते. ज्या घरात पार्किन्सनचा रुग्ण असतो तिथे मग दोन प्रश्न निघतात. आता रोज कॉफी सुरू करायची का? आणि कॉफीत खरंच काही असेल, तर त्याची गोळी का काढत नाहीत?

गोळी निघालेली आहे. जपानमध्ये २०१३ साली आणि अमेरिकेत २०१९ साली तिला परवानगी मिळाली. नाव इस्ट्राडेफिलिन. मेंदूतल्या ज्या प्रथिनावर कॅफिन जाऊन बसतं, त्याच प्रथिनासाठी ती घडवलेली आहे. ते प्रथिन ज्या निरोपव्यवस्थेचा भाग आहे तिला प्युरिन संदेशवहन म्हणतात, म्हणजे एटीपी, ॲडिनोसिन अशा प्युरिन गटातल्या रेणूंनी पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. अपस्मार, अल्झायमर, नैराश्य, पक्षाघात अशा अनेक आजारांच्या संशोधनात आज हा शब्द येतो. मात्र या व्यवस्थेत एकच रेणू एका जागी मदत करतो आणि दुसऱ्या जागी नुकसान. त्यामुळे ‘हे वाढवा’ किंवा ‘ते बंद करा’ असा सरसकट सल्ला इथे हमखास फसतो.

इंधन आणि गळती

आपल्या प्रत्येक पेशीचं इंधन म्हणजे एटीपी. ॲडिनीन नावाचा प्युरिन गटातला घटक, त्याला जोडलेली एक साखर आणि पुढे फॉस्फेटचे तीन मणी, अशी त्याची रचना असते. मणी तुटला की ऊर्जा मोकळी होते. पेशीच्या आत एटीपी भरपूर असतं. बाहेरच्या द्रवात ते आतल्याच्या लाखाव्या, कधी दहा लाखाव्या हिश्श्याएवढंच असतं.

या प्रचंड फरकामुळेच एटीपी निरोप्याचं काम करू शकतं. सिलिंडरमधला गॅस हे इंधन आहे, पण तोच गॅस स्वयंपाकघरात दरवळला की आपण खिडक्या उघडायला धावतो. बाहेर त्याचं असणं हीच धोक्याची खूण. पेशीला इजा झाली, तिचं आवरण फाटलं, की आतलं एटीपी बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशींना कळतं की इथे काहीतरी बिघडलं आहे.

उपमा इथवरच चालते. चेतापेशी एटीपी मुद्दामही बाहेर सोडतात, चिमूटभर, नेहमीच्या रासायनिक निरोपांच्या जोडीने. हे पटायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. एटीपीचा शोध लागला १९२९ साली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये ॲलन ड्र्युरी आणि आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी दाखवलं की ॲडिनीनची संयुगं रक्तात टोचली तर हृदयाची गती मंदावते. १९५९ मध्ये पामेला होल्टन यांना संवेदी चेतांमधून एटीपी बाहेर पडताना आढळलं. १९७२ साली जेफ्री बर्नस्टॉक यांनी थेट मांडलं की एटीपी हा चेतांचा निरोप्या आहे, आणि अशा चेतांना ‘प्युरिनर्जिक’ हे नाव दिलं. त्यावर पुढची कित्येक वर्षं अविश्वासच दाखवला गेला. पेशी आपलं सर्वात मोलाचं इंधन बाहेर का फेकेल, ही शंका गैर नव्हती. पण बाहेर पडणारं एटीपी आतल्या साठ्याच्या मानाने नगण्य असतं आणि त्याचे तुकडे पेशी पुन्हा आत घेतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा निरोप ऐकणाऱ्या प्रथिनांची जनुकंच हाती लागली आणि वाद मिटला.

निरोप वाटेतच बदलतो

निरोप ऐकणाऱ्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. तो पेशीच्या आवरणावर असतो आणि ठरावीक रेणू येऊन बसला की पेशीच्या आत हालचाल सुरू करतो. प्युरिन-संदेशांसाठी माणसात असे १९ रिसेप्टर आहेत. त्यांतले चार ॲडिनोसिनला, म्हणजे एटीपीचे सगळे मणी तुटल्यावर उरणाऱ्या रेणूला, ओळखतात. सात पी२एक्स गटातले आहेत. ती एटीपी लागताच काही हजारांश सेकंदांत उघडणारी छिद्रं आहेत. उरलेले आठ पी२वाय गटातले, सावकाश काम करणारे. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. पुढे त्यांतले चारच येतील.

लक्षात ठेवायची ती तोडणी. बाहेर पडलेलं एटीपी तसंच राहत नाही. पेशींच्या आवरणावर कात्र्यांसारखी विकरं (एन्झाइम) असतात. सीडी३९ हे विकर फॉस्फेटचे दोन मणी तोडतं, म्हणजे एटीपीचं आधी एडीपी आणि मग एएमपी होतं. सीडी७३ शेवटचा मणी तोडतं आणि मागे उरतं ॲडिनोसिन. यातलं एटीपी बहुधा धोक्याची हाक देतं. एडीपी मदतीला बोलावतं, रक्तात प्लेटलेटना आणि मेंदूत सफाई करणाऱ्या पेशींना. ॲडिनोसिन बहुतेक ठिकाणी शांत करतं. एकाच हाकेच्या पोटात ‘धावा’ आणि थोड्या वेळाने ‘आता पुरे’ असे दोन्ही निरोप असतात.

आजारात बऱ्याचदा हा क्रमच मोडतो. एटीपी फार वेळ सांडत राहतं, किंवा कात्र्या कमी पडतात, किंवा ॲडिनोसिन गरजेपेक्षा लवकर उचललं जातं. औषधासाठी म्हणूनच तीन जागा मिळतात: रिसेप्टर, कात्र्या, आणि ॲडिनोसिन आत ओढून संपवणारी यंत्रणा.

कॅफिन म्हणजे जागेवर टाकलेला रुमाल

जागं असताना मेंदूत ॲडिनोसिन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. कॅफिनची घडण ॲडिनोसिनशी इतकी जुळते की ते ए१ आणि ए२ए या दोन रिसेप्टरांवर जाऊन बसतं, पण त्यांना चालू करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच. रुमालाला कुठेही जायचं नसतं, पण खऱ्या प्रवाशाला बसता येत नाही. थकवा गेलेला नसतो, फक्त त्याचा निरोप पोचत नाही.

प्रौढ माणसात कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अजून शरीरात असतं. चहा एकदम सोडला की १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, तेही यामुळेच: रोजचे रुमाल उठतात, ॲडिनोसिनला सगळ्या जागा एकदम मिळतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात.

कॅफिन हे मेंदूचं औषध म्हणून रोज वापरलं जातं, आणि त्याचे रुग्ण दीड किलोहूनही कमी वजनाचे असतात. मुदतीच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळांचा मेंदू श्वास घ्यायचं मध्येच विसरतो. त्यांना कॅफिन सायट्रेट देतात: पहिला डोस वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम, पुढे रोज किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम. ५०० ते १२५० ग्रॅम वजनाच्या २००६ बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत कॅफिन मिळालेल्या बाळांना कृत्रिम श्वासाची गरज कमी काळ लागली, आणि १८ महिन्यांच्या वयापर्यंत मेंदूच्या अपंगत्वाशिवाय जगण्याचं प्रमाण वाढलं. या साऱ्या क्षेत्रातला सर्वात भक्कम पुरावा हाच, असं माझं मत आहे. त्याची बातमी क्वचितच होते.

पार्किन्सनमध्ये पाय ब्रेकवरच राहतो

मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. हालचाल सुरू करायची की रोखायची, हे तिथे ठरतं. ‘रोखा’ म्हणणाऱ्या पेशींवर दोन रिसेप्टर शेजारी शेजारी असतात. एकावर डोपामिन हे निरोप्या रसायन बसतं आणि त्या पेशींना गप्प करतं. दुसरा ए२ए. त्यावर ॲडिनोसिन बसतं आणि त्याच पेशींना जोर देतं. निरोगी माणसात दोघांची ओढाताण बरोबरीची राहते. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. ॲडिनोसिन मात्र असतं तेवढंच. ब्रेकवरचा पाय निघतच नाही, म्हणून उठताना, वळताना, बटण लावताना शरीर अडतं.

नेहमीचं औषध लेव्होडोपा डोपामिनची भर घालतं. काही वर्षांनी मात्र डोसचा असर पुढच्या डोसच्या आधीच ओसरायला लागतो. त्या अडकलेल्या वेळेला ‘ऑफ’ म्हणतात. इस्ट्राडेफिलिन डोपामिनला हात लावत नाही, ए२एवरचा ॲडिनोसिनचा दाब कमी करतं. म्हणून ते एकटं देत नाहीत, लेव्होडोपाच्या जोडीनेच देतात. डोस दिवसातून एकदा २० मिलिग्रॅम, गरज पडली तर ४०. दिवसाला २० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यात औषध लवकर संपतं, म्हणून त्याला ४० लागतात. उलट क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर औषध शरीरात साचतं आणि २०च्या वर जायचं नसतं.

फायदा किती? ज्या चाचण्यांत तो दिसला, त्यांत नकली गोळीच्या तुलनेत रोजचा ‘ऑफ’ वेळ साधारण पाऊण तास ते तासभर कमी झाला. सकाळचं सगळं आवरायला धडपडणाऱ्या माणसासाठी तो तास फार मोलाचा असतो. पण काही चाचण्यांत फायदा दिसलाच नाही. अमेरिकेने २००८ मध्ये याच औषधाला नकार दिला होता आणि युरोपच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये नकार दिला. दुष्परिणामही ब्रेक सुटल्याचेच असतात: अंगाच्या नको असलेल्या हालचाली वाढणं, झोप उडणं, भास होणं, काहींना खर्च करण्याचा किंवा जुगाराचा न आवरणारा मोह. याशिवाय चक्कर, मळमळ आणि बद्धकोष्ठ. भास आणि मोह या गोष्टी रुग्ण स्वतःहून सांगत नाही. घरच्यांनीच लक्ष ठेवावं लागतं.

याच वाटेवरची दुसरी औषधं अडखळली. प्रिलॅडेनंट शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. टोझॅडेनंटमुळे काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घातक पातळीपर्यंत उतरल्या, मृत्यू झाले, आणि २०१७ मध्ये ते काम थांबवावं लागलं. रिसेप्टर तोच, रेणू वेगळा, आणि धोकाही वेगळा.

मग कॉफीच का नको?

ही शंका रास्त आहे. हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या ८००४ पुरुषांचा अनेक दशकं मागोवा घेतलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात कॉफी पिणाऱ्यांना पार्किन्सन खरोखरच कमी झालेला दिसला. पण अशा अभ्यासातून एवढंच कळतं की दोन गोष्टी एकत्र आढळल्या. पार्किन्सनची बारीक सुरुवात निदानाच्या कितीतरी वर्षं आधी होते. वास कमी येणं, बद्धकोष्ठ ही त्याची लक्षणं. त्याच काळात कॉफीची आवडच कमी होत असेल, तर कार्य आणि कारण उलटे वाचले जातात.

म्हणून आजार झालेल्या १२१ जणांवर थेट चाचणी केली गेली. काहींना रोज दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, इतरांना नकली गोळी. सहा महिन्यांनी हालचालींत फरक पडला नाही. निकाल २०१७ मध्ये आला. कॅफिन ए१ आणि ए२ए दोन्हींवर बसतं आणि शरीर त्याला लवकर सरावतं, त्यामुळे याचं फार आश्चर्य वाटायला नको. रुग्ण रोजचा चहा किंवा कॉफी घेत असेल तर केवळ या कारणासाठी बंद करायची गरज नाही. पण औषध म्हणून ती सुरू करण्यात अर्थ नाही, आणि तिच्या भरवशावर लेव्होडोपाचा डोस कमी करणं तर नक्कीच चूक.

न थांबणारा भोंगा

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार आणि सफाईच्या पेशी असतात. त्या बारीक हात पसरून आसपास चाचपत राहतात. उंदराच्या जिवंत मेंदूत लेसरने ठिपक्याएवढी इजा केली तर काही मिनिटांत चारी बाजूंनी त्यांचे हात तिथे पोचतात. २००५ साली हे दिसलं. एटीपी तोडणारं विकर तिथे ओतलं की हात थबकतात. गळतीचा माग काढणारं त्यांचं नाक म्हणजे पी२वाय१२ हा रिसेप्टर.

त्याच पेशींवर पी२एक्स७ही असतो. बाकीची पी२एक्स भावंडं थोड्याशा एटीपीने जागी होतात, याला शंभरपट किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे हा मोठ्या आगीचा भोंगा. तो उघडला की पेशीतलं पोटॅशियम बाहेर वाहतं, आत एक प्रथिनसंच जुळून येतो आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं रसायन सुटतं. जंतू आले असतील तर हे हवंच. पण पक्षाघातानंतर, वारंवार येणाऱ्या फिट्समध्ये किंवा अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनांच्या साठ्यांभोवती पेशी मरत राहतात, एटीपी सांडत राहतं आणि भोंगा वाजतच राहतो. दाहाने आणखी पेशी मरतात आणि आणखी एटीपी सांडतं.

हा भोंगा बंद करणारी औषधं आधी संधिवातावर वापरून पाहिली गेली, तिथे ती चालली नाहीत. आता मेंदूत शिरू शकणारे रेणू तयार झाले आहेत आणि नैराश्यात त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. मेंदूच्या कुठल्याही आजारासाठी असं औषध अजून बाजारात नाही. अडचणी खऱ्या आहेत. उंदराचा पी२एक्स७ आणि माणसाचा पी२एक्स७ औषधाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, शिवाय माणसामाणसांतही त्याच्या जनुकात फरक असतात. आणि वेळेचा प्रश्न आहेच: राखणदाराला फार लवकर गप्प केलं तर सफाईच थांबते.

आपल्याकडे रोज घेतलं जाणारं प्युरिन-औषध

क्लोपिडोग्रेल. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या हजारो घरांत ७५ मिलिग्रॅमची ही गोळी असते. ती प्लेटलेटवरचा पी२वाय१२ बंद करते, म्हणजे एडीपीची ‘गोळा व्हा’ ही हाक प्लेटलेटना ऐकू येत नाही आणि गुठळी होणं टळतं. मायक्रोग्लियाच्या नाकावर असतो तोच हा रिसेप्टर. पण गोळीचं सक्रिय रूप यकृतात तयार होतं, फार अल्पायुषी असतं आणि रक्तातल्या प्लेटलेटवरच आपलं काम उरकतं. एकाच रिसेप्टरवर, पण फक्त हव्या त्या जागी असर, याचं हे उत्तम उदाहरण.

एक चूक मात्र वारंवार होते. ॲसिडिटीसाठी दुकानातून आणलेलं ओमेप्रॅझोल किंवा एसोमेप्रॅझोल यकृतातलं तेच विकर अडवतं, जे क्लोपिडोग्रेलला सक्रिय करतं. गोळी रोज घेतली जाते आणि तिचा असर मात्र घटतो. ॲसिडिटीची गोळी हवीच असेल तर कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

ॲडिनोसिन शांत करतं, तर तेच का देत नाहीत?

फिट आली की मेंदूत ॲडिनोसिन झपाट्याने वाढतं, आणि फिट आपोआप थांबण्यात त्याचा हात असतो. मग थेट ॲडिनोसिन का टोचू नये? कारण हृदयावरही ए१ रिसेप्टर आहेत. धडधड बेसुमार वाढल्यावर तातडीच्या विभागात ॲडिनोसिन देतात, ६ मिलिग्रॅम झटकन शिरेतून, लागलं तर पुन्हा १२. हृदय क्षणभर थांबून पुन्हा ताळ्यावर येतं. रक्तात ते दहा सेकंदांत निम्म्याहून कमी होतं. हृदयाला हवं ते काम त्या क्षणात होऊन जातं; मेंदूला मात्र ते तासन्‌तास लागणार. तितका वेळ सर्व शरीरात ए१ चालू ठेवला तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही कोसळतील. म्हणून संशोधकांचं लक्ष ॲडिनोसिन संपवणाऱ्या ॲडिनोसिन कायनेज या विकरावर आहे. अपस्माराच्या केंद्राभोवतीच्या पेशींत ते वाढलेलं असतं. तेवढ्याच जागी त्याला आवरता आलं तर मेंदू स्वतःचंच ॲडिनोसिन वापरेल. प्राण्यांमध्ये हे जमलं आहे.

याची उलटी बाजू दम्याच्या रुग्णांना ठाऊक हवी. थिओफिलिन हे दम्यावरचं औषध कॅफिनचं सख्खं भावंड आहे, तेही ॲडिनोसिनची जागा अडवतं. रक्तातलं त्याचं प्रमाण जास्त झालं तर फिट्स येतात आणि त्या सहजी थांबत नाहीत, कारण थांबवणारा निरोपच अडलेला असतो. थिओफिलिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक घेतलं तर असं होऊ शकतं.

डाळ, मांस आणि युरिक ॲसिडचा याच्याशी संबंध आहे का?

प्युरिन म्हटलं की युरिक ॲसिडचं पथ्य आठवतं. अन्नातली प्युरिनं आतड्यात आणि यकृतातच मोडून युरिक ॲसिड होतात. ती मेंदूतला निरोप बनत नाहीत, त्यामुळे आहार बदलून हे संदेश वाढवता किंवा घटवता येत नाहीत. युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांत पार्किन्सन सावकाश वाढतो असं दिसल्यावर रुग्णांना इनोसिन (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड होतं असा पदार्थ) देऊन ते मुद्दाम वाढवूनही पाहिलं. आजाराचा वेग कमी झाला नाही, मूतखडे मात्र वाढले.

सुरामिनबद्दलही विचारलं जातं. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं हे शंभर वर्षं जुनं औषध एटीपीचे अनेक रिसेप्टर अडवतं. स्वमग्न मुलांवर त्याची एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुलगे होते फक्त दहा, आणि औषध मिळालं त्यातल्या पाच जणांना, तेही एकदाच. शिरेतून द्यायचं हे औषध मूत्रपिंडाला आणि चेतांना इजा करू शकतं. इंटरनेटवर मिळालं म्हणून ते मुलाला देऊ नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

‘ऑफ’ कमी करणारं कुठलंही औषध सुरू करण्यापूर्वी तीन दिवस एक वही ठेवावी. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडायचे आणि प्रत्येकात एकच नोंद करायची: झोप, ऑफ, ठीक, किंवा अंग नको तितकं हलतंय. लेव्होडोपाची वेळ आणि जेवणाची वेळ बाजूला लिहायची. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस तेच. अपेक्षित फरक पाऊण तासाचा आहे. आधीच्या तीन दिवसांची पानं कोरी असतील तर तो पडला की नाही, हे ना घरच्यांना सांगता येईल ना डॉक्टरांना.